धुंधुरमासातला दुसरा रविवार

आमच्या घरात धुंधुरमासाच्या रविवारी पहाटे उठल्यापासून पहिला घास पोटात जाईपर्यंत कुणीही तोंडातून शब्द काढायचा नाही, असा नियम आहे. हा नियम कुठल्याही पोथीत सापडणार नाही. तो माझे सासरे नागोराव यांनी वाशीमहून पुण्याला येताना बरोबर आणला. कारण विचारलं की म्हणायचे, सूर्य उगवताना घरात शांतता असावी. खरं कारण सासूबाईंनी मला लग्नानंतर पाच वर्षांनी सांगितलं. सासऱ्यांना सकाळी कुणाचाही आवाज सहन होत नसे, आणि नुसतं गप्प बसा म्हटलं तर घरात कुणी ऐकत नसे. म्हणून त्यांनी सूर्याला मध्ये घातलं.

सासरे गेले, सासूबाई गेल्या, नियम राहिला. कडाक्याच्या थंडीतले ते चार रविवार आम्ही अंधारात उठतो, आंघोळी करतो आणि तोंडं शिवून स्वयंपाकाला लागतो. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, मुगाच्या डाळीची खिचडी आणि लोण्याचा गोळा. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीमागून सूर्य वर आला की गॅलरीतून त्याला नैवेद्य दाखवायचा आणि मग जेवायचं. नैवेद्याच्या आधी काही चाखायचं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

आम्ही म्हणजे चौघं. मी दीपमाला, माझे यजमान अनिरुद्ध, मुलगी सृष्टी आणि मुलगा शंभू. सृष्टी एकोणतीस वर्षांची, शंभू सव्वीसचा. दोघंही चांगल्या नोकऱ्या करतात, दोघंही सदाशिव पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि दोघांचंही कुठे जायचं लक्षण नाही. ओळखीच्या बायका म्हणतात, नशीबवान आहेस, पोरं जवळ आहेत. मी हो म्हणते. त्यांना काय जातं म्हणायला.

खरं सांगायचं तर त्या रविवारी मला आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगायची होती. आम्ही दोघं घर सोडून चाललो होतो.

भांडण नव्हतं, आजारपण नव्हतं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली आणि या तेहतीस वर्षांत मी आणि अनिरुद्ध एका घरात दोघंच असे एक दिवसही राहिलो नव्हतो. आधी सासू-सासरे, दोन दीर, एक मावससासूबाई, मग शिकायला आलेले भाचे-पुतणे, मग ही दोन. एकदाच संधी आली होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सगळं घर वाशीमला एका लग्नाला गेलं आणि यांना रजा मिळाली नाही. चार दिवस आम्ही दोघंच. मी दुपारी केसात गजरा माळला, बासुंदी आटवायला ठेवली. संध्याकाळी दार वाजलं. यांचा चुलतभाऊ समाधान पत्र्याची ट्रंक घेऊन उभा होता, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला. तो चार वर्षं राहिला. पास झाला, हे मान्य करायला हवं. पण ती बासुंदी त्याने एकट्याने संपवली, हे मी अजून विसरलेले नाही.

तर गेल्या दिवाळीनंतर यांचे बँकेतले जुने सहकारी संभाजीराव नाशिकला मुलाकडे निघाले. हडपसरच्या पुढे मांजरी गावात त्यांचं दोन खोल्यांचं बैठं घर आहे. पुढे ओटा, ओट्यासमोर शेवग्याचं झाड, मागे दोन नव्या सोसायट्यांच्या मधे उरलेला उसाचा एक तुकडा. संभाजीराव म्हणाले, भाडेकरू बघा कुणी. हे घरी आले, चहा घेतला आणि बराच वेळ कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, "दीपा, आपणच राहिलो तर?"

मला इतकं हसू आलं की मला पदर तोंडात धरावा लागला. दुसऱ्या खोलीत पोरं होती.

तेव्हापासून आम्ही कॉलेजातल्या पोरांसारखे चोरून भेटायला लागलो. मंगळवारी आणि शुक्रवारी हडपसरला सुगम संगीताच्या क्लासला जातो, असं घरात सांगितलं. तिथून पुढे मांजरी. झाडलोट केली, पडदे लावले, अकरा महिन्यांचा करार केला. भांड्यांच्या दुकानात दोन ताटं, दोन वाट्या, एक कढई घेतली. दुकानदाराने विचारलं, "मुलाचा नवीन संसार वाटतं?" हे म्हणाले, "नाही, आमचा." दुकानदाराने आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं आणि एक चमचा जास्तीचा दिला.

थाप मात्र अंगाशी आली. पोरांना आमच्या क्लासचं फार कौतुक. शंभूच्या वाढदिवसाला सगळ्यांनी यांना गायला बसवलं. यांनी डोळे मिटून एकच ओळ सात वेळा म्हटली, दर वेळी वेगळ्या सुरात. सृष्टीचे डोळे भरून आले. शंभूने व्हिडिओ काढून वाशीमच्या ग्रुपवर टाकला. तिकडून चोवीस अंगठे आले आणि समाधानचा एक लांबलचक निरोप, की दादाचा आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं.

गुरुवारी टेम्पो येणार होता. म्हणजे रविवारी सांगणं भाग होतं. शनिवारी आमचं ठरलं की पहिला घास झाला की हे सांगतील. माझी भीती एकच होती. सृष्टी रडली की मी विरघळते. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिला सगळ्यात जास्त. ती रडली असती तर मी तिथल्या तिथे टेम्पो रद्द केला असता, आणि मग पुन्हा कधी जमलं नसतं. पंचावन्न पार केलेल्या माणसांना घर सोडून पळायचा धीर एकदाच होतो.

रविवारी पाचला उठले. बाहेर काळोख आणि असली थंडी की नळाखाली हात धरवेना. मी तांदूळ-डाळ धुऊन खिचडी टाकली, मीठ घातलं आणि गॅसकडे पाठ करून परातीत पीठ मळायला घेतलं. शंभू गोधडी पांघरून आला आणि ओट्याला टेकून उभ्या-उभ्या झोपला. सृष्टी कानटोपी घालून वांगी भाजायला बसली. हे आंघोळ करून आले आणि दारातूनच मला खूण केली. स्वतःकडे बोट, मग नकार, मग माझ्याकडे बोट. म्हणजे मी नाही सांगणार, तू सांग.

मी हातातला पिठाचा गोळा त्यांच्या दिशेने उगारला. त्यांनी हात जोडले. मी मान हलवली. त्यांनी कानाची पाळी धरली. मी डोळे वटारले. सृष्टीने वर पाहिलं, तेव्हा हे चटकन वळून डब्यांच्या फळीवर काहीतरी शोधायला लागले. तिला वाटलं, भरतासाठी दाण्याचं कूट हवंय. तिने उठून कूट काढून त्यांच्या हातात दिलं. कूट हातात धरून हे उभे राहिले, आता त्याचं काय करायचं हे न कळून.

टाकीमागचं आकाश लाल झालं. मी पानं वाढली. यांनी ताट गॅलरीत नेलं, सूर्याला दाखवलं, पाणी फिरवलं आणि आम्ही चौघं जमिनीवर गोल बसलो. पहिला घास खिचडीचा, वर लोणी. चौघांनी एकदमच तोंडात घातला.

मी गिळू शकले नाही. जिभेला चटका बसावा इतकं खारट. मी समोर पाहिलं तर यांचे गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले. शंभूची झोप साफ उडाली होती. सृष्टी पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवत होती, पण तांब्या शंभूजवळ होता आणि तो दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता. थुंकावं तर नैवेद्याचं अन्न. बोलावं तर घास अजून पोटात गेलेला नाही. आम्ही चार शहाणी माणसं तोंडात मिठागर धरून एकमेकांकडे बघत होतो आणि हळूहळू चौघांचेही खांदे हलायला लागले. शंभूच्या नाकातून विचित्र आवाज आला. मग यांनी डोळे मिटून, गाताना मिटले होते तसेच, घास गिळला.

"मीठ कुणी घातलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"मीपण," सृष्टी म्हणाली. "मागच्या रविवारी अळणी झाली होती ना. मला वाटलं, आजही तू विसरणार. तुझं हल्ली कशात लक्ष नसतं."

हे खरं होतं. मागच्या रविवारी माझं लक्ष मांजरीच्या पडद्यांत होतं आणि मी मीठ घालायलाच विसरले होते. चाखायची सोय नाही, विचारायची सोय नाही, म्हणून या खेपेला प्रत्येकाने गुपचूप स्वतःच्या हाताने खात्री करून घेतली होती.

"मग मी कशाला घातलं?" हे म्हणाले. "मी तर तुम्ही सगळे विसराल म्हणून चांगलं मूठभर घातलं."

आम्ही तिघांनी शंभूकडे पाहिलं.

"मी दोनदा," तो म्हणाला. "पहिल्यांदा घातलं की नाही, तेच आठवेना. डोळा लागला होता."

मग मात्र आम्ही जे हसत सुटलो ते थांबेचना. सृष्टी हसता हसता आडवी झाली. शंभू पाणी पीत होता, ते नाकात गेलं. हे मला सांगायला लागले की एकूण पाच वेळा मीठ, आणि आकडा म्हणेपर्यंत पुन्हा फुटले. खालच्या मजल्यावरून विमलाबाईंचा आवाज आला, "तुमच्याकडे उगवला वाटतं सूर्य." त्यावर आम्ही आणखी हसलो. घरातली माणसं इतकी एकत्र हसलेली मी किती दिवसांत पाहिली नव्हती, आणि नेमका हाच दिवस निवडला मी. त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे ते मांजरी. कशाला मोडायचं हे सगळं.

शंभूने डोळे पुसले. "ठरलं," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी मिठाचं खातं माझं. दुसऱ्या कुणीही डब्याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी तुम्ही दोघंच असाल."

हे माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं. यांचा भाकरी मोडणारा हात थांबला.

"म्हणजे?" सृष्टीने विचारलं. ती अजून हसतच होती. "तुम्ही कुठे चाललात?"

"मांजरीला."

"मांजरीला काय आहे? क्लासचा कार्यक्रम?"

"क्लास नाहीच आहे," हे हळूच म्हणाले.

"नाही म्हणजे?" शंभू म्हणाला. "तुम्ही गाता की."

"मी गातो का, शंभू? तूच सांग. तू ऐकलंस ते."

मग मी सगळं सांगून टाकलं. संभाजीरावांचं घर, करार, कढई, गुरुवारचा टेम्पो. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की सृष्टी आता हसत नाहीये.

"आमचं काही चुकलं का?" ती म्हणाली.

"नाही गं."

"मग? इथे कमी काय आहे? मी भाजी आणते, शंभू गॅस-बिल सगळं बघतो. तुम्हाला त्रास होतो का आमचा?"

"थोडा होतो," हे म्हणाले. मी त्यांच्याकडे रागाने पाहिलं.

"मला तुझ्या बाबांबरोबर राहायचंय," मी म्हणाले.

"राहतेसच की," शंभू म्हणाला.

"नाही राहत. तुमच्याबरोबर राहते. तुमच्या आधी तुझ्या आजी-आजोबांबरोबर राहिले, काकांबरोबर राहिले, समाधानबरोबर राहिले. कपडे वाळत घालताना हे मनात काय म्हणतात, मला माहीत नाही. यांना दुपारी भूक लागते का, माहीत नाही. मला यांच्याशी मोठ्याने बोलता येतं का, तेही माहीत नाही, कारण कायम कुणीतरी शेजारच्या खोलीत झोपलेलं असतं. तेहतीस वर्षं झाली. मला बघायचंय एकदा, हा माणूस आहे तरी कसा."

हे खाली बघत लोण्याच्या गोळ्याला बोटाने खड्डा पाडत होते. त्यांचे कान लाल झाले होते. साठी उलटलेल्या माणसाचे कान असे लाल होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

सृष्टीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ज्याची भीती होती तेच. राहू दे, नाही जात आम्ही, हे शब्द अगदी ओठांपाशी आले. मी त्यांना अडवून धरलं आणि पुढ्यातल्या खारट खिचडीचा आणखी एक घास तोंडात घातला. तोंड भरलेलं असलं की माणूस वाटेल ते बोलून बसत नाही.

"अगं, अकरा महिने तर आहेत," हे तिला म्हणाले. "आणि मांजरी काही परदेशात नाही. स्कूटरवर पाऊण तास."

"सकाळी लवकर निघालं तर पाऊण तास," शंभू म्हणाला. "एरवी सव्वा." तो आता माझ्याकडे निरखून बघत होता, पहिल्यांदाच बघत असल्यासारखा. मग एकदम हसला. "म्हणजे तुम्ही दोघं चोरून भेटत होता. मंगळवारी आणि शुक्रवारी. आम्हाला क्लास सांगून."

"हो," हे म्हणाले.

"दीदी, ऐकलंस का? आईबाबा आपल्याला फसवून बाहेर भेटत होते."

सृष्टीने नाक पुसलं. रडता रडता तिलाही हसू फुटलं आणि तिला त्याचा राग आला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "ठीक आहे," ती म्हणाली. "जा तुम्ही. पण तिथली एक किल्ली आमच्याकडे राहील. आम्ही येणार. वाटेल तेव्हा येणार."

माझ्या डोळ्यांसमोर ट्रंक घेऊन उभा असलेला समाधान आला. त्यात त्याची काही चूक नव्हती. दार उघडं होतं म्हणून तो आला.

"किल्ली नाही मिळणार," मी म्हणाले.

"आई."

"यायचं असलं की फोन करून यायचं."

मी हे माझ्या पोटच्या पोरांना म्हणाले. पुण्यात राहून इतरांना किती वेळा म्हणाले असेन, त्याला गणती नाही, पण घरच्यांना कधी म्हणायची वेळ आली नव्हती. मला वाटलं, आता सृष्टी उठून खोलीत जाईल आणि दार लावून घेईल. मी मनातल्या मनात तिच्या दारासमोर उभी राहून माफी मागायलाही लागले होते.

सृष्टी उठली नाही. तिने लोकरी टोपीखालून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग शेजारी पडलेला स्वतःचा फोन उचलला आणि काहीतरी दाबलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझा फोन वाजायला लागला. मला कळेना, उचलावा की नाही. शंभूने तो आणून माझ्या हातात दिला.

"हॅलो," माझ्यासमोर दोन हातांवर बसलेली सृष्टी फोनमध्ये म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता. "नमस्कार. आपण मांजरीच्या दीपमालाताई का?"

"हो, बोलतेय."

"आम्ही सदाशिव पेठेतून बोलतोय. दोन माणसं आहोत. येत्या रविवारी पहाटे तुमच्याकडे खिचडी खायला यायचं म्हणत होतो. चालेल का आपल्याला?"

माझ्या जिभेवर हो आलं होतं. न विचारता हो म्हणायची सवय आहे मला, तेहतीस वर्षांची. मी यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. मी काय म्हणते याची इतकी वाट कुणी पाहिलेली मला आठवत नाही.

"येत्या रविवारी नको हं," मी फोनमध्ये म्हणाले. "त्याच्या पुढच्या रविवारी या. येत्या रविवारी आम्ही दोघंच आहोत."